शालेय फर्निचरचा पुनर्वापर

शालेय फर्निचरचा पुनर्वापर म्हणजे वर्गखोल्यांचे नूतनीकरण, शाळेचे स्थलांतर किंवा विलीनीकरण होताना गरजेपेक्षा अधिक ठरलेली बाके, मेजे, खुर्च्या, फळे, कपाटे इत्यादी वस्तू भंगारात न काढता त्याच शाळेत अन्य कामासाठी वापरणे, दुरुस्त करणे अथवा गरजू शाळेस किंवा संस्थेस देणे होय. शासकीय मराठीत फर्निचरसाठी 'उपस्कर' ही संज्ञाही वापरली जाते.

वरवर पाहता हा व्यवहार सोपा वाटतो. एका शाळेच्या व्हरांड्यात बाके पडून असतात, तर दुसऱ्या शाळेत मुले जमिनीवर बसून लिहीत असतात. एकीकडची बाके दुसरीकडे नेली की प्रश्न सुटला, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ही देवाणघेवाण तीन गोष्टींवर अवलंबून असते : दप्तरी नोंदीतून वस्तू रीतसर कमी होणे, वस्तू सुस्थितीत असणे आणि ती घेणाऱ्या मुलांच्या मापाची असणे. यांपैकी एक जरी बाजू राहून गेली, तरी बाके मूळ शाळेतच पावसात कुजतात किंवा दुसऱ्या शाळेत जाऊन पुन्हा अडगळ होतात.

संज्ञा

या विषयात पुढील संज्ञा वारंवार येतात.

अतिरिक्त फर्निचर : वापरण्यायोग्य, परंतु त्या शाळेला सध्याच्या पटसंख्येनुसार किंवा बैठक-रचनेनुसार न लागणारे फर्निचर.

निरुपयोगी फर्निचर : दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या उपयुक्ततेच्या मानाने परवडणार नाही असे फर्निचर. अतिरिक्त आणि निरुपयोगी या दोन वर्गांत गल्लत झाल्यास चांगली बाके भंगारात जातात किंवा मोडकी बाके दान म्हणून दिली जातात.

जडवस्तू संग्रह नोंदवही : शाळेच्या मालकीच्या टिकाऊ वस्तूंची नोंद ठेवणारी वही. शिक्षकांच्या बोलण्यात ती 'डेडस्टॉक रजिस्टर' या नावाने ओळखली जाते.

निर्लेखन : निरुपयोगी ठरलेली वस्तू सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने नोंदवहीतून कमी करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत विद्यार्थी जमिनीवर बसत आणि धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. बाक आणि मेज ही शाळेची ओळख एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पद्धतीच्या शाळांबरोबर रूढ झाली. आरंभीची बाके लांब व सलग असत आणि त्यांवर अनेक मुले ओळीने बसत. मेजाच्या वरच्या कडेला दौत ठेवण्यासाठी खळगा आणि टाक ठेवण्यासाठी खाच असे. जुन्या शाळांतील अनेक बाके सागवानी असून त्यांतील काही आजही वापरात आहेत. पुढे दोन विद्यार्थ्यांचे जोडबाक आणि त्यानंतर लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर प्लायवूड किंवा सनमायका बसवलेली बाके आली.

ग्रामीण प्राथमिक शाळांचे चित्र बराच काळ वेगळे होते. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ नुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. या शाळांतील मुले तरटपट्टीवर, सतरंजीवर किंवा घरून आणलेल्या बस्करावर बसत. उपलब्ध बाके सहसा वरच्या वर्गांना मिळत. पहिली-दुसरीची मुले जमिनीवरच असत.

जमिनीवर बसणे म्हणजे नेहमीच अभाव, असेही नाही. राज्य शासनाच्या २२ जून २०१५ च्या निर्णयाने सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाच्या काळात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या ज्ञानरचनावादी शाळांची बरीच चर्चा झाली. अशा वर्गांत मुले गटागटाने जमिनीवर बसून साहित्य हाताळतात. त्यामुळे बाकांची संख्या हे शाळेच्या गुणवत्तेचे एकमेव मोजमाप ठरत नाही. मात्र शिक्षकाने जाणीवपूर्वक निवडलेली जमिनीवरची बैठक आणि बाक नाही म्हणून नाइलाजाने स्वीकारलेली बैठक यांत फरक आहे. थंडीत गार फरशीवर किंवा पावसाळ्यात ओल धरलेल्या जमिनीवर तासन्‌तास वाकून लिहिणाऱ्या मुलास तो फरक प्रत्यक्ष जाणवतो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, ग्रंथालय, अध्यापन साहित्य इत्यादींची मानके दिलेली आहेत. विद्यार्थ्यांच्या बाकांचा मात्र तीत स्वतंत्र उल्लेख नाही. शाळांची माहिती संकलित करणाऱ्या 'यू-डायस प्लस' प्रपत्रात विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध असलेल्या फर्निचरची माहिती भरावी लागते.

फर्निचर अतिरिक्त होण्याची कारणे

पटसंख्या घटणे : स्थलांतर, घटता जन्मदर आणि इंग्रजी माध्यमाकडे असलेला ओढा यांमुळे अनेक गावांतील शाळांचा पट कमी झाला आहे. वर्ग रिकामे होतात, बाके तेवढीच राहतात.

शाळांचे समायोजन : कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत सामावून घेतल्यास किंवा समूह शाळा स्थापन झाल्यास मूळ इमारतीतील वस्तूंचा प्रश्न उभा राहतो. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील समूह शाळा ही राज्यातील परिचित उदाहरणे आहेत.

देणगीतून नवे फर्निचर मिळणे : कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक नक्त मूल्य, उलाढाल किंवा नफा असलेल्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करणे अपेक्षित आहे. शिक्षण हा त्यातील एक मान्य विषय आहे. या निधीतून संपूर्ण शाळेला एकसारखी नवी बाके मिळाली की जुनी एकदम अतिरिक्त ठरतात. नव्या बाकांच्या प्रस्तावात जुन्या बाकांचे काय करायचे याची तरतूद नसेल, तर ती व्हरांड्यात किंवा मैदानाच्या कडेला रचली जातात.

अध्यापनपद्धतीतील बदल : गटकार्य, संगणक कक्ष, प्रयोगशाळा आणि डिजिटल वर्ग यांसाठी एकत्र जोडलेले बाक-मेज गैरसोयीचे ठरते आणि सुटी मेजे व खुर्च्या घेतल्या जातात.

मालकी आणि निर्लेखन

जिल्हा परिषदेच्या शाळेतील बाके मुख्याध्यापकाच्या ताब्यात असतात, परंतु त्याच्या मालकीची नसतात. मुख्याध्यापक बदलून जाताना किंवा सेवानिवृत्त होताना नोंदवही व प्रत्यक्ष वस्तू यांचा मेळ घालून प्रभार सोपवतो. नोंदवहीत चाळीस बाके आणि वर्गात अठ्ठावीस, अशी तफावत निघाल्यास उत्तर त्यालाच द्यावे लागते. या भीतीमुळे मोडकी बाकेही वर्षानुवर्षे सांभाळून ठेवण्याची प्रवृत्ती निर्माण होते. वापरातली एक वर्गखोली अशा वस्तूंनी भरून जाते आणि मुलांचे वर्ग एकत्र बसवावे लागतात. चांगली बाके शेजारच्या शाळेस देण्याची इच्छा असूनही मुख्याध्यापक ती देत नाही, याचे कारण अनेकदा अनास्था नसून नोंदवही हेच असते.

निर्लेखनाची कार्यवाही स्थूलमानाने पुढील टप्प्यांनी होते :

१. नोंदवहीतील अनुक्रमांक, खरेदीचे किंवा देणगीचे वर्ष, मूळ किंमत आणि सद्यःस्थिती यांसह वस्तूंची यादी करणे.
२. वस्तू अतिरिक्त आहे की निरुपयोगी, याबाबतचे कारण लेखी नमूद करणे.
३. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय मांडून ठराव करणे.
४. केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत सक्षम अधिकाऱ्याकडे प्रस्ताव पाठवणे.
५. प्रत्यक्ष पाहणी व मूल्यनिश्चिती होणे.
६. आदेश मिळाल्यावर हस्तांतर किंवा लिलाव करणे आणि आदेशाच्या क्रमांकासह नोंदवहीत नोंद घेणे.

एकाच जिल्हा परिषदेच्या दोन शाळांमधील देवाणघेवाण त्या मानाने सोपी असते. मालक बदलत नसल्याने सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने एका नोंदवहीतून वस्तू वजा करून दुसऱ्या नोंदवहीत जमा करता येते. म्हणून केंद्र किंवा तालुका पातळीवर 'कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी' अशी एकच यादी असणे उपयुक्त ठरते.

खाजगी शाळा चालवणाऱ्या संस्था बहुधा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. या अधिनियमाच्या कलम ३६ नुसार स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा दान यांसाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बाके ही जंगम मालमत्ता असल्याने त्यांना ते कलम लागू होत नाही. तथापि विश्वस्तांचा ठराव आणि हिशेबातील नोंद यांशिवाय ती देणे योग्य नसते. अनुदानातून घेतलेल्या वस्तूंबाबत अनुदानाच्या अटीही पाहाव्या लागतात.

केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१७ प्रमाणे वस्तू अतिरिक्त, कालबाह्य किंवा निरुपयोगी घोषित करताना कारणे नोंदवणे आवश्यक आहे. नियम २१८ नुसार अशा वस्तूंचे अवशिष्ट मूल्य दोन लाख रुपयांपेक्षा जास्त असल्यास जाहीर निविदा किंवा लिलावाचा मार्ग अवलंबावा लागतो.

प्राप्तिकराबाबत एक गैरसमज आढळतो. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०जी खालील वजावट केवळ पैशाच्या रूपातील देणगीस मिळत आली आहे. वस्तुरूप देणगीची पावती शाळेने अवश्य द्यावी, परंतु त्या पावतीवर अशी वजावट मिळत नाही.

छाननी

फर्निचर हलवण्यापूर्वी प्रत्येक नगाची तपासणी करून त्याचे चार गट पाडणे सोयीचे असते : जसेच्या तसे वापरण्याजोगे, किरकोळ दुरुस्तीचे, सुटे भाग काढून घेण्याजोगे आणि भंगार. गटानुसार खडूने वेगवेगळ्या खुणा केल्यास गाडी भरताना गोंधळ होत नाही.

तपासणीत पुढील बाबी पाहिल्या जातात :

स्थिरता : बाक सपाट जमिनीवर ठेवून एका टोकाला प्रौढ व्यक्तीने बसून पाहावे. बाक कलंडत असेल किंवा डुगडुगत असेल, तर पाय, आडवी पट्टी किंवा वेल्डिंगचा सांधा सैल झालेला असतो.

कडा आणि टोके : वर आलेले खिळे, उचकटलेली सनमायका, फाटलेल्या पत्र्याची धार आणि नळीच्या टोकावरील निघालेल्या रबरी टोप्या यांमुळे मुलांना इजा होते व गणवेश फाटतात.

कीड : लाकडाखाली बारीक भुसा पडलेला दिसणे हे भुंगेऱ्याचे, तर मातीच्या नळ्या दिसणे हे वाळवीचे लक्षण आहे. असे एक बाक स्वच्छ वर्गात नेल्यास दारे-खिडक्यांनाही कीड लागण्याची शक्यता असते. फटींतील ढेकूणही याच टप्प्यावर पाहावे लागतात.

ओल : पुरात किंवा पावसात भिजलेले सागवान सावलीत सावकाश वाळवल्यास बहुधा वापरता येते. प्लायवूडचे थर सुटतात आणि भुशाच्या दाबीव फळ्या फुगून ठिसूळ होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड परिसरात आलेल्या पुरांसारख्या आपत्तींनंतर शाळांतील सामानाबाबत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

मापाचा प्रश्न

दान दिलेले फर्निचर वापराविना पडून राहण्याचे एक मोठे कारण म्हणजे मापाची विसंगती. माध्यमिक शाळेने नववी-दहावीची बाके प्राथमिक शाळेस दिली, तर पहिलीच्या मुलाचे पाय अधांतरी लोंबतात, मांड्यांच्या मागच्या बाजूवर दाब येतो आणि मेजाची कड छातीपर्यंत येते. मूल मग गुडघ्यांवर बसून किंवा उभे राहून लिहिते. याउलट, दिवसा लहान मुलांची शाळा भरते त्याच इमारतीत रात्रशाळा असेल, तर कामावरून आलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांना लहान बाकांत गुडघे कोंबून बसावे लागते.

योग्य बैठकीची कसोटी साधी आहे. पावले जमिनीवर पूर्ण टेकावीत, गुडघे साधारण काटकोनात असावेत आणि दंड सैल सोडून कोपरे वाकवल्यावर हात खांदे न उचलता मेजावर विसावावेत. भारतीय मानक ब्यूरोने शालेय खुर्च्या व मेजांसाठी आयएस ४८३७ हे मानक दिलेले आहे. युरोपातील ईएन १७२९ या मानकात मुलांच्या उंचीनुसार मापांचे क्रमांक ठरवून प्रत्येक क्रमांकास एक रंग दिला आहे. त्यांतील काही मापे पुढीलप्रमाणे :

क्रमांक १ (नारिंगी) : विद्यार्थ्याची उंची ९३ ते ११६ सेंमी, आसन २६ सेंमी, मेज ४६ सेंमी.
क्रमांक २ (जांभळा) : उंची १०८ ते १२१ सेंमी, आसन ३१ सेंमी, मेज ५३ सेंमी.
क्रमांक ३ (पिवळा) : उंची ११९ ते १४२ सेंमी, आसन ३५ सेंमी, मेज ५९ सेंमी.
क्रमांक ४ (तांबडा) : उंची १३३ ते १५९ सेंमी; आसन ३८ सेंमी, मेज ६४ सेंमी.
क्रमांक ५ (हिरवा) : उंची १४६ ते १७६.५ सेंमी, आसन ४३ सेंमी, मेज ७१ सेंमी.
क्रमांक ६ (निळा) : उंची १५९ ते १८८ सेंमी, आसन ४६ सेंमी, मेज ७६ सेंमी.

या मापांवरून दिसते की मूल मोठे होते तसे आसन व मेज यांतील अंतरही २० सेंमीपासून ३० सेंमीपर्यंत वाढत जाते. म्हणून मोठ्या बाकाचे पाय नुसते कापून ते लहान मुलांसाठी योग्य होत नाही. आसन आणि मेज सारखेच खाली आणले, तर दोहोंतील अंतर पूर्वीइतकेच राहते आणि मुलास हात उंच धरून लिहावे लागते. अशा वेळी मेजाची फळी स्वतंत्रपणे आणखी खाली घ्यावी लागते.

देणाऱ्या शाळेने यादीत बाकांच्या संख्येबरोबर आसनाची व मेजाची उंची सेंटिमीटरमध्ये लिहिली, तर घेणाऱ्या शाळेस निवड करता येते. हे मोजण्यास टेप आणि काही मिनिटे पुरतात.

दिव्यांग विद्यार्थ्यांचा विचारही येथे येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शिक्षणसंस्थांची इमारत, परिसर व सुविधा सुगम असणे अपेक्षित आहे. आसन व मेज एकाच सांगाड्यात जोडलेल्या बाकाशी चाकाची खुर्ची लावता येत नाही. त्यामुळे प्रत्येक वर्गात निदान एक सुटे मेज राखून ठेवणे उपयुक्त असते.

दुरुस्ती

बाकाचा लोखंडी सांगाडा बहुधा फळीपेक्षा अधिक टिकतो. सांगाडा गंजविरहित असल्यास फक्त फळी बदलून बाक नव्यासारखे करता येते. उलटपक्षी, सागवानी बाकाची फळी झिजली वा कोरली गेली असल्यास ती रंधून किंवा उलटी बसवून पुन्हा वापरतात. कर्कटकाने कोरलेली नावे आणि बेरजा-वजाबाक्या रंधा मारल्यावर नाहीशा होतात. फार लांब जुन्या बाकांचे दोन भाग करून, मध्ये नवे पाय देऊन ती आखूड करता येतात. मोडक्या बाकांच्या फळ्यांपासून पुस्तकांची मांडणी, पादत्राणांचे कप्पे, प्रदर्शन-फलक आणि कुंड्या ठेवण्याचे कठडे तयार होतात.

हे काम गावातील सुतार आणि वेल्डिंगवाले करतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकाम व संधाता या व्यवसायांच्या प्रशिक्षणार्थींसाठीही ते उपयुक्त प्रात्यक्षिक ठरू शकते. शाळेत हातकामाला स्थान देण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नयी तालीमच्या केंद्रस्थानी हस्तव्यवसाय होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, असे सुचवले आहे. बाकाचा सैल बोल्ट आवळणे किंवा कड घासून गुळगुळीत करणे ही कामे मोठी मुले देखरेखीखाली करू शकतात. यंत्रावरील कापणी, वेल्डिंग आणि जुना रंग खरवडणे ही कामे मात्र मुलांना देऊ नयेत.

जुन्या रंगांबाबत विशेष काळजी आवश्यक आहे. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये अधिसूचित होऊन नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे अधिक असू शकते. असा रंग कोरडा घासल्यास शिशाची धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. म्हणून पृष्ठभाग ओला करून, मुले नसताना, वर्गाबाहेर घासणे आणि धूळ पुसून गोळा करणे हितावह असते. रंगवलेल्या बाकांचे तुकडे शालेय पोषण आहाराच्या चुलीत सरपण म्हणून जाळणे याच कारणाने धोक्याचे आहे.

हस्तांतराचा हंगाम आणि वाहतूक

महाराष्ट्रातील शालेय वर्षाचा विचार करता उन्हाळी सुट्टी हा या कामासाठी सर्वांत अनुकूल काळ असतो. शाळा जूनच्या मध्यास आणि विदर्भात जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच सुमारास पाऊस सुरू होतो. त्यापूर्वी बाके हलली नाहीत, तर उघड्यावर रचलेला साठा पहिल्याच पावसात भिजतो. मे महिन्यात दान देण्याजोगे असलेले प्लायवूडचे बाक दिवाळीपर्यंत भंगार होते. त्यामुळे निर्लेखनाचा किंवा हस्तांतराचा प्रस्ताव वार्षिक परीक्षेपूर्वी पाठवणे आणि मंजुरीपर्यंत बाके छपराखाली, जमिनीपासून विटांवर उचलून ठेवणे या दोन गोष्टी निर्णायक ठरतात.

जोडबाके जागा फार व्यापतात. बोल्ट काढून फळ्या व सांगाडे वेगळे बांधल्यास एका टेम्पोत अधिक नग मावतात. मात्र बोल्ट आणि चाव्या पिशवीत घालून सांगाड्याला बांधून द्याव्या लागतात. दुर्गम वाडीपर्यंत गाडी जात नसल्यास शेवटचा पल्ला ग्रामस्थांच्या मदतीने पार होतो. वाहतुकीचा, उतरवण्याचा आणि जोडणीचा खर्च कोणी करायचा, हे आधी ठरलेले नसेल तर तो भार घेणाऱ्या शाळेवर पडतो. कधी कधी हा खर्च वस्तूच्या किमतीहून अधिक होतो आणि तेव्हा जवळच्या सुताराकडून नवे बाक करून घेणेच श्रेयस्कर असते.

पोहोचलेल्या वस्तूंची पावती, घेणाऱ्या शाळेच्या नोंदवहीतील नोंद आणि त्या नोंदीची प्रत देणाऱ्या शाळेस मिळणे, हा हस्तांतराचा शेवटचा टप्पा होय. परीक्षा केंद्रासाठी शेजारच्या शाळेतून तात्पुरती आणलेली बाके व कायम दिलेली बाके यांची सरमिसळ होऊ नये, म्हणून बाकाच्या मागील बाजूस शाळेचे नाव व क्रमांक रंगवण्याची प्रथा आहे. कायम दिलेल्या बाकावरचे जुने नाव पुसून नवे घालणे आवश्यक असते.

स्वीकारणाऱ्या संस्था आणि योजना

शाळांखेरीज आश्रमशाळा, रात्रशाळा, सार्वजनिक वाचनालये, गावातील अभ्यासिका आणि महिला बचत गटांचे प्रशिक्षण वर्ग यांना जुने शालेय फर्निचर उपयोगी पडते. मोठ्या मापाची बाके अभ्यासिकांसाठी, तर सर्वांत लहान मेजे अंगणवाड्यांसाठी योग्य ठरतात.

महाराष्ट्रात ग्रामस्थ, माजी विद्यार्थी आणि देणगीदार यांच्याकडून शाळेसाठी साहित्य व निधी उभा करण्यास 'शैक्षणिक उठाव' किंवा 'लोकसहभाग' म्हणतात. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २१ नुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. कलम २२ प्रमाणे ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते. बाकांची गरज त्या आराखड्यात मापासह नोंदवल्यास देणगीदाराने काय द्यावे हे शाळाच ठरवू शकते. केंद्र शासनाच्या विद्यांजली २.० या उपक्रमाचा आरंभ ७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला. त्याच्या संकेतस्थळावर शाळा आपली गरज नोंदवतात आणि स्वयंसेवक सेवा किंवा साहित्य देऊ शकतात. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये 'दत्तक शाळा योजना' जाहीर केली.

स्वयंसेवी क्षेत्रात, अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली 'गूंज' ही संस्था शहरांतील वापरलेल्या वस्तू ग्रामीण भागात पोहोचवते. गुप्ता यांना २०१५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'आरंभ' या महाराष्ट्रातील संस्थेने टाकाऊ पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून 'हेल्प डेस्क' तयार केला होता. घडी घातल्यावर त्याचे दप्तर होते आणि उघडल्यावर जमिनीवर बसून लिहिण्यासाठी उतरते मेज. जेथे बाके ठेवण्यास जागाच नाही, अशा शाळांसाठी हा वेगळा पर्याय आहे.

अन्य देशांतील पद्धती

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील आयआरएन ही संस्था शाळा-महाविद्यालयांतील अतिरिक्त फर्निचर देशातील व परदेशांतील गरजू संस्थांपर्यंत पोहोचवण्याचे काम करते. युरोपीय संघाच्या २००८ च्या कचराविषयक निर्देशात पुनर्वापरासाठी सज्ज करणे हा टप्पा पुनर्चक्रीकरणाच्या आधी ठेवलेला आहे. म्हणजे बाक वितळवण्यापूर्वी ते बाक म्हणूनच वापरता येईल का, हे पाहणे अपेक्षित असते. आफ्रिकेतील मलावी देशात २०१० मध्ये युनिसेफ आणि अमेरिकी वृत्तनिवेदक लॉरेन्स ओडॉनेल यांनी सुरू केलेल्या 'किंड' या उपक्रमाने उलट मार्ग स्वीकारला. जुनी बाके जहाजाने नेण्याऐवजी निधी देऊन मलावीतील कारखान्यांतच नवी बाके बनवण्यात आली. त्यामुळे मुलांना बाके आणि स्थानिक कारागिरांना काम, असे दोन्ही साधले.

मर्यादा आणि आक्षेप

जुन्या वस्तू गरिबांच्या शाळेस देण्यात 'आम्हांला नको ते तुम्हांला' अशी भावना असते, असा आक्षेप घेतला जातो. मोडकी बाके दान म्हणून पाठवल्यास भंगाराची विल्हेवाट लावण्याचा भार गरजू शाळेवर पडतो आणि त्या शाळेच्या नोंदवहीत तीच अडचण नव्याने सुरू होते. याला उपाय म्हणून घेणाऱ्या शाळेने आधी पाहणी करावी आणि तिला नाकारण्याचा अधिकार असावा, असे सुचवले जाते. देणगीदाराचे नाव प्रत्येक बाकावर ठळक रंगवण्याबाबतही मतभेद आहेत. रोज त्या नावासमोर बसून लिहिणाऱ्या मुलाच्या मनाचा विचार व्हावा, असे अनेक शिक्षकांचे म्हणणे असते.

दुसरा आक्षेप उत्तरदायित्वाचा आहे. शाळेस आवश्यक सुविधा पुरवणे हे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. दानावर विसंबल्यास ते मागे पडते आणि रस्त्याजवळच्या, ओळखी असलेल्या शाळांनाच वारंवार साहित्य मिळते. पुनर्वापराचे समर्थक यावर असे उत्तर देतात की, सार्वजनिक पैशातून घेतलेले बाक शेवटच्या दिवसापर्यंत मुलांच्याच उपयोगी पडणे हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे.

हे सुद्धा पहा

जिल्हा परिषद
बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
शाळा व्यवस्थापन समिती
नयी तालीम
पुनर्चक्रीकरण